ताई, लोक वापरतच नाहीत!

मागच्या अंकात मी माणूस मधोमध ठेवून केलेल्या डिझाइनबद्दल दीड पान लिहिलं होतं, म्हणजे ते ह्युमन सेंटर्ड डिझाइन, हल्ली संस्थावाल्यांच्या तोंडी असतं ते. मुद्दा एवढाच होता की वस्तू असो, योजना असो, फॉर्म असो नाहीतर दवाखाना, ज्याला ते वापरायचंय त्याच्या दिवसापासून सुरुवात करा, आपल्या ऑफिसातल्या टेबलापासून नको. वाटलं होतं चारदोन पत्रं येतील, आली ढीगभर, निम्मी व्हॉट्सअॅपवर, एक व्हॉइस मेसेज तर अकरा मिनिटांचा आणि त्यात मागं म्हैस सारखी ओरडतेय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सात निवडलीत. नावं छापत नाही, तालुका तेवढा ठेवलाय.

ताई, आम्ही पोरांनी वर्गणी काढून आणि ग्रामपंचायतीची थोडी मदत घेऊन गावात आरओ प्लांट बसवला. ५ रुपयांत २० लिटर. बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही. तरी दोन महिन्यांत निम्म्या बाया परत बोअरच्या नळावर. दवंडी दिली, बॅनर लावला, शाळेत भाषण ठेवलं. लोकांना फुकटचंच पाहिजे असतं का? जनजागृती अजून कशी करावी? (एक कार्यकर्ता, चोपडा तालुका)

भाऊ, आधी तो बॅनर उतरवा. राग मानू नका, पण "जनजागृती करायची आहे" असं कोणी म्हणलं की मला वाटतं वस्तू कुठंतरी चुकलीय आणि आपण माणसं दुरुस्त करायला निघालोय. तुमचं पत्र वाचून मी फोन केला होता, आठवत असेल, तीनच गोष्टी विचारल्या. प्लांट कधी उघडा असतो, तर सकाळी ९ ते १२. पाणी कशात मिळतं, तर २० लिटरच्या जारमध्येच. पैसे कसे भरायचे, तर मशिनीत पाचाचं नाणं टाकायचं. निम्मं उत्तर तिथंच मिळालं की हो.

सकाळी ९ ला तुमच्या गावातली बाई कुठं असते? निंदणीला नाहीतर कापूस वेचायला, शेतात जाऊन तिला दीड-दोन तास झालेले असतात. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, वर जारचं वजन वेगळं, तो काखेत मावत नाही, कमरेवर टेकत नाही, चुंबळीवर ठेवावा तर बूड सपाट आणि अंग गुळगुळीत, पाणी डचमळलं की घसरलाच. आता हंडा बघा, त्याला गळा आहे तिथं हात अडकतो, पोट आहे ते कमरेच्या वळणात बसतं. जार न्यायला मोटारसायकल लागते, मोटारसायकल चालवायला नवरा लागतो, आणि नवरा केळीच्या गाड्या भरायला पहाटेच गेलेला. नाण्याचं तर विचारूच नका, किराणा दुकानात सुट्टे म्हणून हातावर चॉकलेट ठेवतात तिथं रोज पाचाचं नाणं तिनं आणायचं कुठून.

आणि हे तुमच्याच गावात घडलं असं नाही. एका अमेरिकन डिझाइन कंपनीतल्या टिम ब्राऊन आणि जॉसेलिन वायट या दोघांनी २०१० साली एका लेखात हैदराबादजवळच्या एका बाईची हकीकत सांगितली होती. ती रोज घरापासून ३०० फुटांवरच्या बोअरचं पाणी डोक्यावरून आणायची, त्या पाण्यानं घरात मधूनमधून आजारपण यायचं, हे सगळ्यांना माहीत. नांदी फाउंडेशनचं शुद्ध पाण्याचं केंद्र चालत जाण्याइतकं जवळ, पाणी चांगलं, भाव परवडणारा, तरी बाई जात नव्हती. का, तर केंद्राचा कॅन ५ गॅलनचा, भरला की १८ किलोच्या वर, तिला उचलायचाच नाही, नवरा शहरात कामाला आणि तो येईस्तोवर केंद्र बंद, आणि कार्ड महिन्याचं काढायचं तर रोज ५ गॅलन घ्यायलाच पाहिजे, तेवढं तिला लागतच नव्हतं. ५ गॅलन म्हणजे १९ लिटर, म्हणजे तुमचाच जार झाला की!

आता काय करायचं. दोन दिवस पहाटे ५ ला बोअरच्या नळापाशी जाऊन बसा, एक दिवस कामाचा, एक बाजाराचा. सोबत गावातलीच एखादी मावशी, काकू असू द्या, नुसतं पोरांचं टोळकं बसलं तर बायका पाणी भरायलाच येणार नाहीत. वही नको, मोबाइल खिशात. "आरओ का वापरत नाही" असं विचारूच नका, त्याला "वापरू की भाऊ" हेच उत्तर मिळणार, तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही. विचारा की काल पाणी किती वेळा आणलं, कोणी आणलं, कशात आणलं, पिण्याचं वेगळं ठेवलं का. कालचं विचारलं की खरं निघतं, नेहमीचं विचारलं की शहाणपणाचं निघतं. आणि ज्या बाया अजून प्लांटवर येतात त्या कशा जमवतात तेही बघा, दोघींत एक जार घेऊन घरी कळश्यांत वाटून घेणारी एखादी सापडेलच, ती सापडली की तिला सोडू नका, तुमचं पुढचं काम तिनं आधीच करून ठेवलंय.

मग काही विकत न घेता आठच दिवस करून बघा: सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी दिवेलागणीला प्लांट उघडा, हंडा थेट तोटीखाली लावू द्या, १० लिटरचा वेगळा भाव ठेवा आणि नाण्याऐवजी हप्त्याची कुपनं किराणा दुकानात विकायला द्या. फसलं तर आठ दिवस गेले, एवढंच. आणि हो, आरओचं जे पाणी वाया जातं ते कुठं सोडता तेही एकदा बघून घ्या, तो वेगळा विषय आहे पण आज ना उद्या त्यावरून भांडण होणार.

हे सगळं जुनंच नाही का? गांधीजी खेड्यात चला म्हणाले, साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या शाळेत मुलांमध्येच राहिले. आता त्यालाच इंग्रजी नाव लावून वर्कशॉप विकतात. (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

सर, नमस्कार. निम्मं मान्य. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या, १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. तिथला टिळकनगरचा मंडप सजवायला गांधीजींनी नंदलाल बोसांना बोलावलं, आणि अट काय, तर सामान गावात मिळतं तेच आणि हात गावच्या कारागिरांचे. म्हणजे बांबू, गवत, चटया. एवढा मोठा चित्रकार शांतिनिकेतनातून फैजपुरात येऊन आधी इथं काय मिळतं आणि इथल्या लोकांना काय येतं ते बघतो, याला आज डिझाइन रिसर्च म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

पुढं १९५८ ला चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर जोडपं भारत फिरलं आणि सरकारला रिपोर्ट दिला, त्यातून १९६१ ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, निघाली. त्या रिपोर्टात त्यांनी पानभर कशाचं कौतुक केलंय माहितीये, आपल्या लोट्याचं! तो धरायचा कसा, कमरेवर न्यायचा की डोक्यावर, रिकामा असताना तोल कसा, भरल्यावर कसा, घासायला कसा, हे सगळं कोणा एका माणसानं ठरवलं नाही, पिढ्यांनी घासूनपुसून ठरवलं. वर मी हंड्याचं लिहिलं ते तिथूनच सुचलंय, लपवत नाही.

पण सर, मला सगळ्यात आवडती गोष्ट हापश्याची आहे आणि ती पूर्ण आपल्या महाराष्ट्रातून जाते. साठ-सत्तरच्या दशकात गावोगाव बोअर पाडले आणि त्यावर बिडाचे पंप बसवले, ते मुळात परदेशातल्या एका कुटुंबाच्या वापरासाठी काढलेले, दिवसातून चार वेळा हलवायचे. आपल्याकडं त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. मोडणारच. सरकारी कागदावर पंप आणि गावात नुसता खांब. मग जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी स्टीलचा दणकट पंप केला, त्यात सुधारणा होऊन सोलापूरचा पंप आला, आणि युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीचा चेन्नईचा कारखाना यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यावरून इंडिया मार्क टू केला, तो मग जगभर गेला. तरी गोष्ट संपत नाही. आतला वायसर गेला तर सगळा पाइप वर ओढावा लागायचा, त्याला तालुक्याहून गाडी आणि माणसं यायची, आली तर यायची. म्हणून पुढं मार्क थ्री केला, त्यात पाइप न उचलता वरूनच आतला भाग काढता येतो, गावातल्या माणसाला जमेल असा. आधी वापरणाऱ्याचा विचार झाला, मग दुरुस्त करणाऱ्याचा. दुसरं सुचायला वर्षं गेली.

आता न मान्य निम्मं. जुनं होतं ते एखाद्या माणसाच्या स्वभावावर होतं. साने गुरुजींना मुलांचं मन कळायचं, ठीक, पण गुरुजी गेले की ते कळणंही गेलं. आयडिओ नावाच्या अमेरिकन कंपनीनं २००९ मध्ये याची एक पुस्तिकाच काढून फुकट वाटली, त्यात तीन टप्पे, ऐका, घडवा, पोचवा, आणि प्रत्येक वेळी तीन प्रश्न की लोकांना हे हवंय का, आपल्याला जमेल का, पैशानं टिकेल का. यात थोर असं काही नाही. पण सामान्य वकुबाच्या माणसालाही पायरीपायरीनं करता येतं, माझ्यासारखीला ते बरं पडतं. वर्कशॉप विकणाऱ्यांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. एसी हॉलमध्ये भिंतीला रंगीत चिठ्ठ्या चिकटवून गरिबी हटत असती तर काय पाहिजे होतं.

दुसऱ्यांना शिकवणं सोपं असतं. तुम्ही स्वतः कधी तोंडावर आपटलात का? (एक वाचक, साक्री)

आपटले, आणि दात अजून दुखतात.

नव्वदच्या दशकात मी एका संस्थेत नवीन लागले होते. सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम तेव्हा जोरात होता, १९८३ ला सुरू झाला आणि २००२ ला गुंडाळला, देशभरात कोटींनी चुली बसवल्या. आमच्या वाट्याला धुळे तालुक्यातलं एक गाव आणि ४० निर्धूर चुली. दोन तोंडांची मातीची चूल, तोंडाला लोखंडी कडी, मागून पाइप छपराबाहेर. मी घरोघर जाऊन सर्व्हे केला होता, प्रश्न काय तर "धुराचा त्रास होतो का?" सगळ्याजणी हो म्हणाल्या. नाही कोण म्हणेल! माझा फॉर्म भरला, साहेब खूश, होळीच्या आत चुली बसल्या, फोटो काढले.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आता खान्देशात आखाजी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको, माहेरवाशिणी आलेल्या, झोके बांधलेले, आणि घरोघरी पुरणाचे मांडे. मी मुद्दाम त्या दिवशी गावात गेले, म्हणलं आपल्या चुलीवरचे मांडे खाऊन येऊ. पहिल्याच घरी बघते तर आमची चूल थंड, तिच्यावर परात ठेवलेली, आणि बाहेर अंगणात तीन दगड मांडून त्यावर खापर पालथं घातलेलं, खाली चारी बाजूंनी जाळ. सासूबाई पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत लांबवत होत्या, पार कोपरापर्यंत, आणि मग एका झटक्यात खापरावर. मी विचारलं, आतल्या चुलीवर का नाही हो? त्यांनी हातातलं काम न थांबवता एवढंच विचारलं, "खापर कथा (कुठं) ठेवू?"

मी आत जाऊन चुलीच्या तोंडावर वीत टेकवून बघितली. तोंड वीतभर, खापर त्याच्या दुपटीहून मोठं. ४० चुली बसवल्या आणि एकाही घरात आम्ही विचारलं नव्हतं की वर काय काय ठेवता, दाखवा बरं.

मग एकेक निघत गेलं. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांच्या उघड्या जाळावर भाजायची, त्या लांब काड्या आमच्या अरुंद तोंडात जाईनात, तोडून घालायच्या तर तोडणार कोण, तीच. धूर डोळ्याला वाईट हे खरं, पण तोच धूर छपराच्या लाकडाची कीड मारतो आणि पावसाळ्यात डास हाकलतो, हे आम्हाला छपरात भुंगा लागल्यावर कळलं. एका घरी आमचा पाइप गच्चीचं पाणी उतरवायला लावलेला, झकास बसला होता.

पण खरी चूक ही नाही. खरी चूक पुढची. एका घरी बाईनं आमच्या चुलीचं एक तोंड विळ्यानं कोरून मोठं केलं होतं, कडी काढून टाकलेली, पुढून काड्या जातील एवढी फट पाडलेली, आणि पाइप मात्र तसाच ठेवला होता. तिच्याकडं धूर थोडा होता, पण पहिल्यापेक्षा निम्मा, आणि खापरही बसत होतं. मी काय केलं? तिला रागावले. चूल खराब केली म्हणून, वर माझ्या वहीत तिच्या नावापुढं फुली मारली. गावात एकच माणूस डिझाइनर होता आणि मी त्याला नापास करून आले. तेव्हापासून कुठंही गेले की वस्तू कोणी मोडलीय, कापलीय, उलटी वापरलीय ते आधी शोधते.

मॅडम, मी आशा आहे. आमच्याकडं पाडे डोंगरात पसरलेले, बायका पावरी बोलतात, पोस्टर येतात मराठीत. बाळंतपणाआधी माहेरघरात (आरोग्य केंद्रापाशी राहायची सोय) येऊन राहा म्हणलं तरी येत नाहीत, वरून मलाच विचारतात आकडा का कमी. मी सगळ्यात खालची, मी काय डिझाइन करणार? (आशा कार्यकर्ती, धडगाव)

ताई, वरून मोजलं तर तुम्ही सगळ्यात खालच्या, पण घराच्या उंबऱ्यावरून मोजलं तर सगळ्यात पहिल्या. डॉक्टरला जे दिसत नाही ते तुम्हाला रोज दिसतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केलं ते सांगते. लहान बाळाला न्यूमोनिया झालाय का ते ओळखायला मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० आणि दोन महिने ते वर्षाच्या बाळाला ५० झाले की धोका. आता गावातली दाई किंवा कमी शिकलेली आरोग्यदूत ६० पर्यंत मोजणार, तेही घड्याळाच्या काट्याकडं बघत, चुकणारच. तिला गणित शिकवत बसण्याऐवजी त्यांनी लाकडी पट्टीसारखं एक साधन केलं, ब्रेथ काउंटर. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. १० श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वरच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि मग लाल, खालच्या ओळीत चार हिरवे आणि मग लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची पाळी आली की न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं. त्यांचा दवाखानाही तसाच, आदिवासी गावासारखा झोपड्यांचा, नातेवाईक सोबत राहू शकतात आणि नाव माँ दंतेश्वरीचं, कारण लोकांनीच सांगितलं होतं की मोठ्या इमारतीची भीती वाटते.

तुमच्या माहेरघराचं. ज्यानं नाव ठेवलं त्याला सलाम, नावातच अर्धं डिझाइन आहे. पण नाव माहेराचं आणि आत हॉस्पिटलची शिस्त असं झालं की बाई फसल्यासारखी होते. न येणाऱ्या तीन बायांच्या घरी जा, समजवायला नाही, नुसतं बसायला. ती आठ दिवस गेली तर मागं शेळ्या कोण बघतं, थोरलं पोर कोणाकडं, पाणी कोण भरतं, सोबत सासू आली तर घरी भाकरी कोण थापतं. आणि जी एकदा राहून आलीय तिला विचारा की पहिल्या रात्री काय झालं, तिथं जेवायला काय होतं, रात्री बाहेर जायचं तर दिवा होता का. तीन घरांचं जे निघेल ते तीन ओळींत लिहून मीटिंगमध्ये वाचा. आकडा का कमी असं विचारणाऱ्याला आकड्यानं उत्तर देऊ नका, शेळ्यांनी द्या.

पोस्टरसाठी एक सोपी युक्ती. खालची अक्षरं हातानं झाका, बाईला नुसतं चित्र दाखवा आणि तिच्या बोलीत विचारा की यात काय चाललंय. ती जे सांगेल ते पोस्टर सांगतंय, छापणाऱ्याच्या मनात काहीही असो.

डिझाइन, स्टिकी नोट्स, एम्पथी... हे सगळं राजकारण झाकायचं काम आहे. माणसाला जमीन आणि मजुरी पाहिजे, तुम्ही त्याला छान हँडल असलेली बादली देताय. (एक जुना कार्यकर्ता, शहादा)

दादा, तुमच्या गावातून हे पत्र आलं नसतं तर नवल वाटलं असतं. आदिवासींचे पुढारी अंबरसिंग महाराज, मग १९७२ ची श्रमिक संघटना, आदिवासींच्या गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, हे शहाद्यात काही कोणी चहाच्या कपावर चर्चा करून मिळवलं नाही. तुमचं म्हणणं खरंय. विहीर जर एकाच घराच्या कुंपणात असेल तर बादलीचं हँडल कितीही गोल करा. ज्या ठिकाणी कोणाचं तरी कमी केल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही तिथं डिझाइनवाले गप्प बसतात किंवा सगळ्यांना एका गोलात बसवतात, आणि गोलात सावकार आणि सालदार शेजारी बसले तर बोलणार कोण ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण एक उलटं विचारते. वनहक्क कायदा २००६ चा, तो आंदोलनानं मिळाला, बरोबर? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोय हे दाखवायचं. आता ज्या माणसाचं अख्खं भांडणच असं की आम्हाला कधी कागद दिला नाही, त्याच्याकडं कागद मागितला असता तर कायदा पहिल्याच दिवशी मेला असता. म्हणून नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, लिहून घेतलेला, तोही धरला. ज्याच्याकडं कागद नाही त्याचा शेजारचा म्हातारा हाच कागद. मला तर हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं डिझाइन वाटतं आणि ते कुठल्या डिझाइन स्कूलमध्ये शिकवत नाहीत. हक्क लढून मिळतो दादा, पण मिळालेला हक्क फॉर्मच्या चौथ्या पानावर अडकून मरतो हेही तुम्ही पाहिलंय, किती दावे नुसत्या मोजणीपायी पडून राहिले. तिथं आम्हाला बोलवा, चौथं पान आम्ही बघतो.

आम्ही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट म्हणून शाळेत मुलं झोका खेळतील आणि त्यानं पाणी टाकीत चढेल असा पंप करतोय. २०० जणांचा गुगल फॉर्म भरून घेतला, ९० टक्के लोकांना आयडिया आवडली. पुढे काय करावं? (चार विद्यार्थी, जळगाव)

पुढं प्लेपंप शोधून वाचा. दक्षिण आफ्रिकेत निघालेली तुमचीच आयडिया, झोक्याऐवजी गोल फिरणारं चक्र. २००६ मध्ये त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत आफ्रिकेतल्या देशांत ४००० पंप बसवायचे ठरले. झालं काय, तर पाणी ओढणारं चक्र फिरवायला जड, आणि ज्यात मजा नाही ते पोरं खेळत नाहीत, शेवटी बायकाच ते चक्र ढकलत बसल्या, साधा हापसा होता तोही काढून टाकलेला. एका इंग्रजी पेपरानं हिशोब केला की ठरवलेलं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. आवडली का म्हणून विचारलं की सगळे हो म्हणतात, पोरांनो, वर माझा चुलीचा सर्व्हे वाचा. झोक्याला दोरीनं २० किलोचं ओझं बांधा आणि मधल्या सुट्टीत शाळेत लावून बघा किती वेळ पोरं थांबतात, कॉलेजचा एकही रुपया न घालवता कळेल.

ताई, आमचा बचत गट बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया करतो. मागच्या उन्हाळ्यात शहरातल्या कॉलेजची पोरं आली, दोन दिवस राहिली, प्रश्न विचारून विचारून डोकं खाल्लं, व्हिडिओ काढले, बिबडे खाल्ले, घेऊनही गेली. पुढं काहीच आलं नाही. आता दुसरे येणार म्हणतात. येऊ द्यायचं का? (बचत गट, एरंडोल तालुका)

येऊ द्या, पण आपल्या अटीवर. डिझाइनवाल्यांच्या पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं, लोकांचं ऐका, लोकांकडून शिका, पण त्या लोकांचा दिवस बुडतो त्याचं काय, हे मी फार कमी ठिकाणी वाचलंय. चीक शिजवायचा असतो, ऊन असेस्तोवर घालून व्हायला पाहिजे, आणि तेव्हाच यांना विचारायचं असतं की तुम्हाला या कामातून काय फील होतं.

तर येण्याआधीच फोनवर सांगा. बिबड्यांच्या दिवसात यायचं तर पहाटे पाचला यायचं आणि हातात चमचा घेऊन यायचं, ठोंबरा, म्हणजे बिबड्यांचं शिजतं पीठ, ढवळत ढवळत विचारा काय ते. ज्या बायांना बसवून घ्याल त्यांची त्या दिवसाची मजुरी द्यायची. व्हिडिओ कुठं टाकणार ते आधी सांगायचं. परत कधी येणार त्याची तारीख लिहून द्यायची, आणि येताना काहीतरी कच्चं का होईना करून आणायचं, पुठ्ठ्याचं खोकं, पिशवी, वाळवायची जाळी, काहीही, म्हणजे तुम्ही त्याला नावं ठेवू शकाल. जे लिहितील ते मराठीत एक प्रत तुमच्याकडं. यातलं ऐकून जे येतील ते कामाचे, जे येणार नाहीत त्यांचा त्रास वाचला.

आणि बिबड्यांचे पैसे घ्या हो. किलोचा भाव आधीच सांगून ठेवा.